ग्राहक दुप्पट, माणसं तेवढीच: छोट्या उद्योगाचं मॉडेल बदलायचं कसं

दिवाळीच्या आधीचे वीस दिवस इंदूरच्या नमकीन कारखान्यांत कुणी कुणाला ओळखत नाही. कढया रात्री उशिरापर्यंत चालतात, आणि त्यात पाऊच मशीन बंद पडलं की तळलेली शेव ढिगानं पडून राहते. मग माझा फोन वाजतो. ‘भिया, अभी के अभी आदमी भेजो.’ सांवेर रोडला माझं पॅकिंग मशीन दुरुस्तीचं काम आहे. गेली कित्येक वर्षं माझा धंदा म्हणजे हा फोन.

एका दिवाळीत मी नऊ नवे कारखाने घेतले. त्यांच्यासाठी दोन मेकॅनिक ठेवले, दोन मोटरसायकली घेतल्या. मार्चमध्ये हिशेब केला तर हातात राहिलेली रक्कम आदल्या वर्षाएवढीच. राजेंद्रनगरला घरी येऊन बायकोला आकडे दाखवले तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे आपण फक्त जास्त दमलो.”

पुढे जे लिहितो आहे ते त्या वाक्यानंतर केलेल्या खटाटोपातून आलंय. नव्या तंत्रज्ञानाच्या जोरावर झपाट्यानं वाढणाऱ्या कंपन्यांच्या गोष्टी आपण सगळेच ऐकतो. २०१२ मध्ये फेसबुकनं इन्स्टाग्राम १ अब्ज डॉलरला घेतलं तेव्हा तिथे १३ माणसं कामाला होती, ही गोष्ट तर प्रत्येक भाषणात असते. सांवेर रोडला तिचा थेट उपयोग शून्य. पण त्या गोष्टीच्या पोटात एक साधा हिशेब आहे आणि तो आपल्यालाही लागू पडतो: ग्राहक वाढले तरी एखादा मोठा खर्च त्यांच्यामागे वाढत गेला नाही. तो खर्च आपल्याकडे कोणता, हे शोधायचं आणि मग त्याच्याभोवती धंदा नव्यानं बांधायचा.

आधी चढणारी रेघ शोधा

कोरा कागद घ्या. डावीकडे लिहा: एक ग्राहक वाढला की काय काय वाढतं? ग्राहकांमागे असा चढत जाणारा खर्च म्हणजेच चढणारी रेघ. माझ्या कागदावर पाच गोष्टी आल्या: मेकॅनिकचा वेळ, पेट्रोल, सुटे भाग, माझा फोनवरचा वेळ आणि उधारी. उजवीकडे प्रत्येकीसमोर लिहा: हे खरंच वाढायला हवं, की आपण असं काम करतो म्हणून वाढतं?

हे अंदाजानं लिहू नका. आठवडाभर डायरी ठेवा. मी पोरांना प्रत्येक फेरीला तीनच गोष्टी लिहायला लावल्या: निघालो किती वाजता, पोचल्यावर दोष काय निघाला, प्रत्यक्ष काम किती मिनिटांचं. आठवड्यात ३४ फेऱ्या झाल्या. त्यातल्या १९ ठिकाणी पंधरा मिनिटांच्या आत काम संपलं होतं. हीटर गेलेला, टेफ्लॉन टेप जळालेली, पाऊचवरची खूण वाचणाऱ्या फोटोसेलच्या डोळ्यावर बेसनाची धूळ. म्हणजे मी दुरुस्ती विकत नव्हतो, प्रवास विकत होतो. आणि तोही ट्रॅफिकमध्ये अडकलेला.

हीच रेघ मोठ्या प्रमाणावर बघायची असेल तर आपल्या नळाकडे बघा. नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटरवरून चढवून इंदूरला आणावं लागतं. शहर वाढलं की पाणी जास्त आणि पाणी जास्त की वीजबिल जास्त. महापालिकेनं २०२३ मध्ये हरित रोखे काढून २४४ कोटी रुपये उभे केले ते जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायला. त्यांच्या कागदावर चढणारी रेघ वीजबिलाची होती, त्यांनी तिलाच हात घातला. ऑफिस चकचकीत केलं, अ‍ॅप काढलं, असं काही करून ती रेघ खाली आली नसती.

डायरीचा आठवडा पूर्ण होण्याआधी कुठलंही सॉफ्टवेअर विकत घेऊ नका. मी घेतलं होतं. विकणाऱ्यानं छान स्क्रीन दाखवली, वर्षाचे पैसे आगाऊ घेतले आणि त्यात माझ्या ३४ फेऱ्या रंगीत दिसू लागल्या. कमी एकही झाली नाही.

मग काय स्वस्त झालंय ते बघा

थिओडोर राइट नावाच्या अमेरिकन विमान अभियंत्यानं १९३६ मध्ये एक गोष्ट मांडली. एकूण उत्पादन दुप्पट झालं की दर वेळी खर्च ठरावीक टक्क्यानं उतरतो. त्याच्या विमानांमध्ये मजुरी सुमारे २० टक्क्यांनी उतरत होती. चिपवर मावणारे घटक दर वर्षी दुप्पट होतील असं गॉर्डन मूरनं १९६५ मध्ये म्हटलं आणि १९७५ मध्ये तो काळ दोन वर्षं केला. आपल्याला यातून एवढंच घ्यायचंय की काही वस्तू सावकाश पण न थांबता स्वस्त होत राहतात आणि आपलं रेट-कार्ड मात्र जुन्या किमतींवर बसलेलं असतं.

माझ्या कामात चार गोष्टी अशा निघाल्या. वायफाय असलेला ईएसपी-३२सारखा छोटा बोर्ड आता काही शे रुपयांत मिळतो. वीजप्रवाह मोजणारा क्लॅम्प तसाच. सर्व्हर विकत घ्यावा लागत नाही, अ‍ॅमेझॉननं २००६ मध्ये तो भाड्यानं द्यायला सुरुवात केल्यापासून तो वापराप्रमाणे मिळतो. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि जिओही आलं. पैसे घेणं आणि डेटा पाठवणं ही दोन्ही कामं जवळजवळ फुकट झाली. चौथी गोष्ट भाषेची मॉडेलं, नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून सगळ्यांच्या तोंडी असलेली. मेकॅनिकनं हिंदीत बोलून पाठवलेल्या व्हॉइस नोटचा नीट रिपोर्ट करायला ती उत्तम. काय बिघडलंय ते ठरवायला मी ती वापरत नाही. ४१५ व्होल्टच्या पॅनेलसमोर उभा असलेला पोरगा माझा आहे.

तुमच्या धंद्यात याद्या वेगळ्या निघतील. प्रश्न मात्र हाच ठेवा: पाच वर्षांत दहापट स्वस्त झालेली अशी कोणती गोष्ट आहे, जिच्याकडे मी अजून बघितलेलं नाही?

मॉडेल निवडणं

इथे लोक घाई करतात आणि थेट ‘प्लॅटफॉर्म’ म्हणतात. दोन बाजूंना जोडून मध्ये बसायचं, स्वतःची गाडी नको, खोली नको. ऐकायला सोपं. पण मेकॅनिक नाहीत म्हणून कारखाने येत नाहीत आणि कारखाने नाहीत म्हणून मेकॅनिक येत नाहीत, हा तिढा सोडवायला वर्षानुवर्षं दुसऱ्याचा पैसा जाळावा लागतो. आपल्यासारख्यांनी स्वतःचा मंडप घालू नये, दुसऱ्याच्या मंडपात दुकान मांडावं. किरकोळ विक्री असेल तर डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेलं ओएनडीसी हे खुलं ऑनलाइन विक्रीचं जाळं आहे, सरकारला विकायचं असेल तर २०१६ पासून जेम पोर्टल आहे.

महिन्याच्या वर्गणीचं मॉडेल घरगुती डबे, मसाले, शिकवण्या यांना चांगलं बसतं. ग्राहकाला दर महिन्याला तीच गोष्ट लागते का, एवढंच बघा. मेतकूट वर्गणीनं खपत नाही, हे आमच्या एका नातेवाईकांना सहा महिन्यांत कळलं. रोजच्या पोळ्या खपतात.

उधारीच्या साधनांचं मॉडेल म्हणजे मशीन, गोदाम, माणूस विकत न घेता गरजेपुरतं वापरणं. ते कुठल्याही मॉडेलला जोड म्हणून घ्यावं.

माझ्यासाठी मला सगळ्यात जवळचं वाटलं ते वापराच्या तासावर पैसे घेण्याचं मॉडेल. हे काही कालचं नाही. १९६२ मध्ये ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश कंपनीनं छोट्या जेट विमानांच्या वायपर इंजिनांसाठी उड्डाणाच्या तासाला ठरावीक दर लावला: इंजिन सांभाळणं आमच्याकडे, तुम्ही फक्त उडा. पुढे ती कंपनी रोल्स-रॉइसमध्ये गेली आणि ही पद्धत त्यांची ओळख बनली. यातली खरी गंमत हितसंबंधांची आहे. फोनवर चालणाऱ्या धंद्यात मशीन बंद पडलं की मला पैसे मिळतात. तासावर चालणाऱ्या धंद्यात मशीन चालू राहिलं की मिळतात. त्या दिवसापासून कारखानदार आणि मी एकाच बाजूला बसतो. बोर्ड आणि क्लॅम्प हा फक्त त्या बाजूला बसण्याचा पाट.

एका मशीनचा हिशेब

निवडलेलं मॉडेल एका नगावर चालतं का ते आधी बघायचं. हे माझे गोल केलेले आकडे, जीएसटी वेगळा.

कारखाना दिवसाला १० तास, महिन्याला २६ दिवस चालतो, २६० तास. तासाला १८ रुपये लावले तर ४,६८० रुपये जमा.

खर्चात सेन्सरचा संच, म्हणजे तोच बोर्ड आणि क्लॅम्प, ४,५०० रुपयांचा, दोन वर्षांवर वाटला की महिना साधारण १९०. सिम आणि सर्व्हर ११०. हीटर, टेप, बेल्ट, कटर मिळून १,४००. एक मेकॅनिक प्रवासासकट २४,००० ला पडतो आणि जुन्या पद्धतीनं १५ मशीनं सांभाळतो, म्हणजे मशीनमागे १,६००. एकूण ३,३००, हातात १,३८०.

आता सेन्सरमुळे दोष दुरूनच दिसून निम्म्या फेऱ्या वाचल्या आणि तोच मेकॅनिक ३० मशीनं सांभाळू लागला तर त्याचा वाटा ८०० वर येतो आणि हातात २,१८० राहतात. ग्राहक दुप्पट, माणूस तोच. सगळा खेळ या एका ओळीत आहे.

पण याच हिशेबात एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलो. होळीनंतर एका कारखान्यात काम मंदावलं, मशीन महिन्यात १०० तासच चाललं. माझी जमा १,८००. सुटे भाग कमी लागले, पण मेकॅनिकचा पगार थोडाच कमी होतो? तेव्हा १५ मशीनांचाच हिशेब होता, त्यामुळे एका मशीनमागे सहाशेच्या वर घरचे गेले. त्यांची सहा मशीनं होती आणि मंदी तीन महिने चालली. तेव्हापासून करारात किमान १५० तासांचं बिल असतं. १५० का? तेवढ्या तासांचे २,७०० रुपये येतात आणि १५ मशीनांच्या जुन्या वेगानंही खर्च जवळजवळ तेवढाच बसतो. मंदीत कमाई नसली तरी चालेल, खिशातून जाता कामा नये.

तुमचा नग वेगळा असेल: एक डबा, एक विद्यार्थी, एक खेप. त्यावर नफा नसेल तर शंभर नगांनी शंभरपट तोटा होतो. हे वाक्य इतकं उघड आहे की लोक ते विसरतात.

पहिला प्रयोग एकाच मशीनवर

ओळखीचा, चिडला तरी शिव्या घालून पुन्हा चहा पाजणारा असा एक ग्राहक निवडा. आम्ही इंदूरच्याच पालद्यातला एक छोटा कारखाना घेतला. पहिला महिना त्याच्याकडून जुन्या दरानंच पैसे घेतले आणि सेन्सरचा डबा फक्त बघायला बसवला.

दोन दिवसांत डबा पडला. पोरांनी तो दुहेरी टेपनं गरम पॅनेलच्या बाजूला चिकटवला होता. वर तेलाचा थर, त्यावर बेसन. खाली पडून मशीनच्या पायाशी शेवेत झाकून गेला होता आणि आमच्या स्क्रीनवर मशीन ‘बंद’. खरं तर ते धडधडत चालू होतं. आता आम्ही तो वेगळ्या कंट्रोल बॉक्समध्ये, केबल टायनं बांधून बसवतो.

सेन्सरला काय कळतं आणि काय नाही, हेही याच महिन्यात समजलं. क्लॅम्प हीटरच्या वायरवर लावला की हीटर गेल्याचं लगेच कळतं. तापमान उतरत असूनही प्रवाह शून्यावरच राहतो. हीटर चालू-बंद करणारा रिले अडकला तर उलटं होतं, प्रवाह थांबतच नाही, जॉ म्हणजे पाऊच दाबून सील करणारा जबडा तापत जातो आणि पाऊचचं लॅमिनेट करपतं, तेही दिसतं. पण सीलमध्ये शेवेचा चुरा अडकला की पाऊच गळतं आणि तापमान, प्रवाह सगळं ठणठणीत दिसतं. तिथले जुने ऑपरेटर काका मात्र जॉ मिटल्याच्या आवाजावरून सांगत, ‘कचरा आया.’ त्यामुळे आमच्या पद्धतीत काकांसाठी एक बटण आहे.

बटणाची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. आधी आम्ही वही ठेवली होती, मशीन थांबलं की कारण लिहा. महिनाभर सगळ्यांनी एकच कारण लिहिलं: ‘मशीन बंद था.’ असा डेटा कितीही साठवला तरी त्यातून काही निघत नाही. इंदूरकराला हे वेगळं समजवावं लागू नये. देवगुराड्याचा बायो-सीएनजी प्रकल्प, १९ फेब्रुवारी २०२२ ला त्याचं उद्घाटन झालं, दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यातून सुमारे १७,००० किलो सीएनजी काढण्याच्या क्षमतेचा आहे. ते जमतं कारण ओला आणि सुका कचरा आपल्या स्वयंपाकघरात वेगळा होतो. प्लँटवर आणून निवडायचा म्हटला तर कितीही भारी यंत्र आणा. डेटाचंही तसंच, तो जन्मतो तिथेच वेगळा व्हायला हवा. आम्ही मशीनला चार मोठी बटणं लावली: रोल संपला, सील, वजन, वीज. थांबलं की एक दाबायचं. लिहायचं काही नाही. आठवड्यात कळलं की निम्मा बंद वेळ दुरुस्तीचा नव्हताच, रोल बदलण्याचा होता, आणि तो कमी करायला सेन्सर नको होता. दुसरा रोल आधीच शाफ्टवर चढवून ठेवणं पुरे होतं.

त्याच देवगुराड्याच्या प्रकल्पाचं मॉडेलही बघण्यासारखं आहे. १५० कोटींची गुंतवणूक खासगी कंपनीची. महापालिकेनं वेगळा केलेला कचरा द्यायचा आणि किमान निम्मा सीएनजी विकत घ्यायचा. पालिकेनं प्लँट विकत घेतला नाही. तिच्याकडे जे होतं, म्हणजे शिस्तीत वेगळा होणारा कचरा आणि हक्काचा गिऱ्हाईक म्हणून स्वतःच्या बसगाड्या, ते तिनं मांडलं. आपल्याकडे असं काय आहे, जे दुसऱ्याला पैसे देऊनही सहज मिळणार नाही? माझ्याकडे होती ती कारखान्याच्या आत जायची मुभा.

सेठजींची भीती

तिसऱ्या कारखान्यात गाडी अडली. मालक डब्याकडे बघून म्हणाले, “इसमें तो मेरा पूरा धंधा दिखता है.” बरोबरच होतं. मशीन किती तास चाललं हे कळलं की माल किती निघाला याचा अंदाज येतो. शेजारच्या कारखान्याला तो कळला तर? मी तंत्रज्ञान समजावत बसलो. त्यांना तंत्रज्ञान नको होतं, कागद हवा होता.

आता एका पानाचा करार असतो, हिंदीत. डेटा कारखान्याचा. आम्ही चालू-बंद, प्रवाह, तापमान आणि थांबल्याचं कारण एवढंच घेतो, पाऊच मोजत नाही. सर्व्हरवर कारखान्याचं नाव नाही, नुसता क्रमांक. करार संपल्यावर ९० दिवसांत सगळं पुसायचं. ऑपरेटरचं नाव आणि मोबाइल घेत असाल तर तो वैयक्तिक डेटा झाला आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आड येऊ शकतो. म्हणून संमती घ्या, किंवा माझ्यासारखं घेऊच नका. बटणाला नाव कशाला हवं?

हा कागद पहिल्या भेटीतच ठेवा. नंतर काढला तर काहीतरी लपवत होतात असं वाटतं.

बाहेरची माणसं आणि आतली

मशीनं ६० च्या वर गेली तेव्हा देवास आणि उज्जैनचे कारखाने विचारू लागले. तिथे मी माणूस ठेवला नाही. तिथल्याच दोन स्वतंत्र मेकॅनिकांना फेरीमागे पैसे ठरवले. स्क्रीनवर दोष आधी दिसतो, त्यामुळे कोणता भाग घेऊन जायचा ते त्यांना कळतं. प्रत्येक दोषाचा दीड-दोन मिनिटांचा व्हिडिओ आम्ही आमच्याच मोबाइलवर काढलाय, हात दिसतील असा.

दोन कामं मात्र बाहेर दिली नाहीत: नव्या कारखान्यातली पहिली भेट आणि तक्रारीचा फोन. विश्वास भाड्यानं मिळत नाही, आणि मिळाला तरी तो ज्याचा त्याच्याकडेच परत जातो.

वाढ रोख खाते

एवढं सगळं जमलं तरी धंदा बसू शकतो, कारण सेन्सरचे पैसे आज जातात आणि तासाचे पैसे पुढच्या महिन्यात येतात. वीस नवी मशीनं म्हणजे ९०,००० रुपये नुसत्या डब्यांत. म्हणून तीन गोष्टी सुरुवातीलाच करून ठेवा.

उद्यम ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी करा. फुकट आहे, जुलै २०२० पासून ऑनलाइन आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज लागतं. मी कधी व्याज मागितलेलं नाही. बिलाच्या खाली उद्यम क्रमांक छापला एवढ्यानंच दोन जणांचे पैसे लवकर येऊ लागले.

छोट्या कारखान्यांना यूपीआय ऑटोपे लावा. कमाल रक्कम ठरवून ठेवता येते, त्यामुळे तास बदलले तरी चालतं. १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी पिन लागत नाही आणि पैसे कापण्याच्या २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते. मोठ्या कंपनीचं काम असेल तर ट्रेड्स मंचावर बिल वटवून पैसे आधी उचलता येतात, मात्र ती कंपनी तिथे नोंदलेली हवी.

आणि महिन्याला किती नवी मशीनं घ्यायची याची मर्यादा बँकेतल्या शिलकेवरून ठरवा, मागणीवरून नाही. माझी मर्यादा आठ आहे. दसऱ्यानंतर ती शून्य होते, त्या काळात नवं कुणी घेत नाही. असलेल्यांची शेव पडून राहू द्यायची नाही.

जुनं रेट-कार्ड कधी फाडायचं

लगेच नाही. माझे सात ग्राहक अजून फोनवरच आहेत. त्यातले दोघे वर्षातून तीनदा बोलावतात, त्यांना तासाचं मॉडेल महागच पडेल आणि तसं मी त्यांना सांगितलंय. एकांचं मशीन इतकं जुनं आहे की त्याची हमी मी घेणार नाही.

दर तीन महिन्यांनी पहिला कागद पुन्हा काढतो आणि एकच आकडा बघतो: एका मेकॅनिकमागे मशीनं किती. सुरुवात १५ वर होती. ३० चं स्वप्न होतं. सध्या २३ आहेत. ३० ला कमी पडणाऱ्या सात मशीनांपैकी पाच शेवेच्या चुऱ्यानं अडवलीत, त्यामुळे सध्या जॉच्या वर हवेची बारीक फुंकर मारणारी नळी लावून बघतोय. काकांचं मत आहे की तिनं चुरा उडेल, पण पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या हवेतलं पाणी पाऊचमध्ये जाईल. बहुतेक ते बरोबर आहेत, म्हणून आधी एअर ड्रायर मागवलाय.